खिशातली राणी

“इथे तर नुसत्या विटा आहेत हो,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

होत्या खऱ्या. मुलुंड पूर्वेच्या एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फणसेबाईंच्या स्वयंपाकघरात, मी गवंड्याकडून भिंतीला परातीएवढं भोक पाडून घेतलं होतं. आत मधमाश्यांचं पोळं असायला हवं होतं. मी तसं छातीठोकपणे सांगितलं होतं. भिंतीला स्टेथोस्कोप लावून दहा मिनिटं ऐकलं होतं, आतून गुणगुण येत होती, मग खडूनं गोल काढून दिला होता. आणि आत काय, तर विटा, सिमेंट आणि पाण्याचा पाइप. गुणगुण त्या पाइपातून येत होती. खाली पंप चालू होता, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत होतं.

फणसेबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. भोकाकडे बघून म्हणाल्या, “झालं! आता माश्यांना यायला आणखी एक रस्ता.”

सेक्रेटरी हसले. गवंडी पण हसला. मी स्टेथोस्कोप गुंडाळून पिशवीत टाकला.

गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी मधमाशीपालनाचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेत निरीक्षक होतो. खेड्यात आमचं काम लोकांना पेट्या देण्याचं, पण मुंबईच्या उपनगरांतून फोन यायचे ते पोळी काढायला या म्हणून. आम्ही माश्या मारत नसू. पोळं शोधायचं, माश्यांसकट लाकडी पेटीत भरायचं आणि कर्जत-पालघरकडच्या एखाद्या बागेत नेऊन ठेवायचं.

आता माश्यांत पण जाती असतात. आग्या माशी मोठी, तापट, तिचं पोळं उघड्यावर लटकतं, पाण्याच्या टाकीखाली नाहीतर वडापिंपळावर. ती पेटीत राहत नाही. सातेरी माशी लहान, गरीब स्वभावाची. तिला अंधार लागतो, झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, बंद कपाट. ही पेटीत सुखानं राहते. मुंबईकरांना हा फरक माहीत नसायचा. “अहो, आग्या मोहोळ आलंय, धावा!” असा फोन यायचा, धावत जावं तर बिचारी सातेरी. मुलुंडला पण सातेरीच होती. फणसेबाईंच्या ओट्यावर रोज शे-दोनशे यायच्या, पण घर कुठे केलंय ते कोणाला सापडत नव्हतं.

ऑफिसला परतलो तर आमचे साहेब, नाडकर्णी, फोन खाली ठेवतच होते. सेक्रेटरींनी माझ्या आधी बातमी पोचवली होती.

“करंदीकर, उद्या परबला घेऊन जा,” साहेब म्हणाले.

मला मिरच्या झोंबल्या. कारण परब.

भिवा परब माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. गिरणीत होता, संपात गिरणी गेली, मग कोणाच्या तरी ओळखीनं आमच्याकडे हंगामी म्हणून चिकटला. कुडाळकडचा माणूस, लहानपणापासून रानात मध काढलेला. शिक्षण चौथी. आणि मी महाबळेश्वरला रीतसर कोर्स केलेला, आमच्या तुकडीत पहिला आलेला. तोंडावर जाळी, हातात मोजे, पायात गमबूट असं सगळं घालून मी पोळं काढायचो, आणि हा बाबा बनियनवर, उघड्या हातांनी. लोकांना काय, तमाशा आवडतो. फोन यायचे, “ते तुमचे परब आहेत ना, त्यांनाच पाठवा.” बरं, हे फोन घ्यायचा कोण? मी! माझं टेबल फोनजवळ होतं. “निरोप देतो,” असं म्हणून मी वहीत लिहून घ्यायचो, आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहायचो.

हेवाच होता तो, दुसरं काही नाही. तेव्हा मी त्याला ‘शास्त्रीय दृष्टिकोन’ म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी परबला घेऊन मुलुंडला गेलो. त्यानं भोकाकडे बघितलं पण नाही. फणसेबाईंना विचारलं, “वैनी, घरात काय गोडधोड केल्यात काय?”

“मोरावळा केलाय. आठ दिवस बरण्या उन्हात ठेवतेय खिडकीत.”

“मग झाला तर.” तो माझ्याकडे वळला. “साहेब, ही खानावळ. ह्यांचा घर खंय वेगळाच असतला.”

त्यानं एका बशीत साखरेचं पाणी मागितलं आणि चिमूटभर तांदळाचं पीठ. बशी घेऊन खाली कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसला. माश्या बशीवर आल्या, पाणी प्यायला लागल्या, तसं त्यानं एकीच्या पाठीवर पीठ भुरभुरलं. पांढरी झालेली माशी उडाली. मग मला म्हणाला, “साहेब, तुमचा घड्याळ बगा जरा.”

म्हणजे मी आता घड्याळवाला. बघत बसलो. साडेतीन मिनिटांनी तीच पांढरी माशी परत बशीवर हजर. एवढ्या लवकर जाऊन आली म्हणजे घर अगदी जवळ. दोन-तीन खेपांना त्यानं नुसतं ती कुठे वळते ते बघितलं. माशी वर स्वयंपाकघराकडे जातच नव्हती. खालून, इमारतीला वळसा घालून, मागच्या गटाराच्या बाजूला जात होती. तिथे जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीची जाळी फुटलेली होती. आत एक जुनं लाकडी कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली हरवून वर्ष झालेलं. परबनं कपाटाच्या दाराला कान लावला.

“हय आसत,” तो म्हणाला.

सगळं मिळून पाऊण तास. फणसेबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, “मग काल ती डॉक्टरची नळी कशाला आणली होती हो?”

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “परबला कायम करून टाकू या,” ते म्हणाले. “गुरुवारी पोळं काढताना मी स्वतः येतो. काम नीट झालं की त्याच दिवशी कागद वर पाठवतो. तुमच्याच ग्रेडमध्ये घेऊ. तुमच्या शेजारी टेबल लागेल.”

“चांगलं झालं साहेब,” मी म्हणालो. तोंडानं म्हणालो. पोटात जे दुखायला लागलं ते गुरुवारपर्यंत थांबलं नाही. मला निरीक्षक व्हायला कोर्स, परीक्षा, दोन वर्षं उमेदवारी. आणि ह्याला तांदळाचं पीठ! परबचं जोगेश्वरीच्या खोलीत सहा माणसांचं घर होतं, मिळवता हा एकटा, आज ठेवतील उद्या काढतील अशी गत. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते टेबल येत होतं.

गुरुवारी तीनला कामाला लागलो. सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, “संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे. सहाला पेस्ट कंट्रोलवाला येतोय. तुमचं नाही जमलं तर तो औषध मारून मोकळा होईल.” म्हणजे सहाच्या आत माश्या पेटीत, नाहीतर खलास.

कुलूप तोडलं. वरच्या फळीला सात पोळी, एकाशेजारी एक, पडद्यांसारखी लोंबत होती. परबनं नारळाच्या सोडणाचा थोडा धूर दिला. धुरानं माश्या नरमतात. मग तो सुरीनं एकेक पोळं कापून माझ्या हातात द्यायचा, आणि मी ते लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधायचो. बांधलेली चौकट पेटीत उभी करायची. ज्या पोळ्यात अंडी-पिल्लं असतात त्याला आम्ही पिलावा म्हणतो, तो पेटीत मधोमध. नाजूक काम आहे, पण अवघड नाही.

अवघड एकच, राणी. हजारो माश्यांत राणी एक. तिच्या वासावर सगळं घर चालतं. ती जिथे, तिथे सगळ्या. म्हणून आमच्यात एक पद्धत होती, राणी ज्याला दिसेल त्यानं मोठ्यानं ‘राणी!’ म्हणून ओरडायचं. मग बाकीच्यांनी हात आहे तिथे थांबवायचे, म्हणजे ती चिरडत नाही. ओरडणाऱ्यानं तिला पंखांना धरून काडेपेटीत घालायचं आणि काडेपेटी नव्या घरात ठेवायची. आम्ही सगळे खिशात टाचणीनं भोकं पाडलेली रिकामी काडेपेटी बाळगायचो. माझ्या बायकोला लग्न झाल्यावर सहा महिने वाटत होतं की मी चोरून बिड्या ओढतो.

पाचवं पोळं हातात आलं आणि मला राणी दिसली. लांबट, काळसर, इतर माश्यांतून वाट काढत चाललेली. परबच्या नजरेतून ती सुटली होती. त्याच्या! मी तोंड उघडलं, शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला. ते सेक्रेटरींना सांगत होते, “हा आमचा परब. ह्याच्या हातात जादू आहे. कोर्सबिर्स करून हे येत नाही.”

मी तोंड मिटलं. परब आणि साहेब माझ्या पाठीमागे होते. राणीला पंखांना धरलं, काडेपेटीत घातलं, काडेपेटी शर्टाच्या खिशात. आणि पोळं चौकटीत बांधायला लागलो.

तिला मारायचं माझ्या मनात नव्हतं. माझा बेत साधा होता. परबला अर्धा तास शोधू दे, घाम फुटू दे, साहेबांना कळू दे की जादूबिदू काही नसते. मग मी पुढे होऊन पेटीत वाकून म्हणणार, “अरे, ही काय राणी!” तेवढंच हवं होतं मला.

सातही पोळी पेटीत गेली. माश्या मात्र जाईनात. राणी आत असली की दाराशी बसलेल्या माश्या शेपट्या वर करून पंख हलवतात आणि बाकीच्यांना ‘या, या’ म्हणून वास देतात. इथे एक शेपटी वर होत नव्हती. माश्या पेटीत शिरायच्या, सैरावैरा फिरायच्या, परत बाहेर. हळूहळू जिनाभर पसरल्या. वरच्या मजल्यावरची मंडळी दारं लावून घेऊ लागली. परबनं पेटीला कान लावला.

“रडतत,” तो म्हणाला.

राणी नसली की माश्यांचा आवाज बदलतो, कण्हल्यासारखा होतो. मी पण ऐकत होतो.

“परब, राणी कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“गावली नाय साहेब. बगतंय.”

तो गुडघ्यांवर बसला आणि रिकाम्या कपाटाचा कोपरा न् कोपरा बोटांनी चाचपू लागला. चिडलेल्या माश्या त्याला डसत होत्या. त्याला डसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मनगट सुजलं, कान लाल झाला, तरी हात थांबेना. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, “सव्वापाच झाले हं, मी फोन करून त्याला लवकरच बोलावतो,” असं म्हणून वर गेले. परबनं एकदा मान वर केली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगलं गार वाटलं पोटात.

आता पुढे व्हावं असं ठरवतोय, तर एक माशी माझ्या खिशावर येऊन बसली. मग दुसरी. मग चार एकदम.

अरे देवा! राणीचा वास! येईल त्या शिकाऊ माणसाला मी हेच शिकवायचो, फळ्यावर चित्र काढून. आणि स्वतः राणी खिशात घालून तिच्या प्रजेच्या मधोमध उभा होतो. माझ्या डोक्यात परब एवढा भरला होता की माश्यांना नाक असतं हेच मी विसरलो. दहा झाल्या, वीस झाल्या. काडेपेटी काढायला खिशाला हात लावावा तर त्या चवताळणार. झटकाव्या तर राणी चिरडणार. छातीवर मूठभर माश्यांचा घोस लोंबायला लागला, आणि मी खांबासारखा उभा. जाळी होती ती फक्त तोंडावर.

“अगंबाई!” फणसेबाई जिन्यातून ओरडल्या. “अहो, ह्यांच्या खिशाला पोळं लागतंय!”

सगळे वळले. साहेब वळले. माझी वाट लागली होती.

परब उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं होतं. आता हा बोलणार, आणि मी उद्यापासून ऑफिसात कुठल्या तोंडानं जाणार?

तो मोठ्यानं म्हणाला, “साहेब, राणी हय आसा. मीच दिलंय करंदीकरसाहेबांकडे ठेवूक. इसारलंय.”

आणि मला हळूच, “हलू नकात. हात खाली सोडा. सावकाश श्वास घ्या.”

दोन बोटांनी, माश्या बाजूला सारत, त्यानं काडेपेटी अलगद काढली आणि पेटीत ठेवली. मिनिटभरात दाराशी पहिली शेपटी वर झाली, मग दहा, मग रांगच. जिन्यातल्या, कपाटातल्या, माझ्या खिशावरच्या, सगळ्या चालत-उडत आत निघाल्या. पावणेसहाला जिना मोकळा. पेस्ट कंट्रोलवाला पंप घेऊन आला तेव्हा मारायला काही उरलं नव्हतं. सेक्रेटरींनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

काम फत्ते, पण साहेब भडकलेले. “राणी विसरतात का परब? लोकांची पळापळ झाली! मी पाहुण्यासारखा उभा राहून बघतोय!”

“चुकलं साहेब,” परब म्हणाला.

मी शेजारी उभा होतो. बोललो नाही.

जीपमध्ये साहेब म्हणाले, “कायमचा कागद राहू दे सध्या. बघू पुढच्या वर्षी. करंदीकर, उद्या रिपोर्ट माझ्या टेबलावर हवा.” मागच्या सीटवर परब पेटी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या कानाची पाळी पुरीसारखी फुगली होती.

सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी टाइपरायटरपुढे बसलो. त्या दिवशीच्या माझ्या रिपोर्टची गोष्ट ऐकून लोक म्हणतात, तुम्हाला पश्चात्ताप झाला. झाला ना. पण निम्माच. उरलेला निम्मा वेगळा होता. माश्यांच्या कामात तो माझ्या पुढे होताच, आता मोठेपणात पण पुढे गेला होता. माझं पाप त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं, नोकरीवर पाणी सोडलं, वर ‘चुकलं साहेब’ म्हणाला. हे मला सहन होईना. माश्या नाही तर नाही, ह्या बाबतीत तरी मी त्याला पुढे जाऊ देणार नव्हतो. मी लिहिलं, “राणी मला दिसली होती. मी सांगितलं नाही. ती मी स्वतः खिशात ठेवली. श्री. परब यांनी ती माझ्याकडे दिलेली नव्हती. हे मी त्यांच्याविषयीच्या हेव्यापोटी केले.”

साहेबांनी दोनदा वाचलं.

“खरं आहे हे?”

“हो.”

“अहो, रिपोर्टमध्ये ‘हेव्यापोटी’ असं लिहितात का?”

“मग काय लिहितात साहेब?”

त्यांनी लाल पेन्सिलीनं शेवटचं वाक्य खोडलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. मला मेमो मिळाला आणि वर्षभर पोळी काढायला जायला बंदी झाली, गोडाउनमध्ये पेट्यांची दुरुस्ती बघायची. परबचा कागद वर गेला. दोन-अडीच महिन्यांनी त्याचं कायमचं पत्र आलं, आणि माझ्या शेजारी टेबल लागलं.

पत्र आलं त्या दिवशी तो पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी पेढा हातात घेतला आणि इतके दिवस मनात राहिलेलं बोललो, “परब, त्या दिवशी तुम्ही माझी इज्जत राखलीत. माझ्यासाठी खोटं बोललात.”

“तुमच्यासाठी नाय ओ,” तो म्हणाला. “साहेब वरडले असते तर तुम्ही घाबरून खिशार हात मारलो असतो. राणी मेली असती. तुमका गप उभा करूचा होता, म्हणून बोललंय.”

“बरं, मग नंतर? जीपमध्ये तरी सांगायचं होतं खरं काय ते.”

“नंतर सांगून राणीक काय फरक पडतलो?”

“अहो, पण तुमची नोकरी!”

परबनं जरा विचार केला. “ता माका तेव्हा सुचलाच नाय,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, मोठ्या माणसानं दटावावं तसं, “पण साहेब, एक सांगतंय, राग मानू नकात. घामाच्या खिशात राणी ठेवतत काय ओ?”

एवढं बोलून तो पुढच्या टेबलावर पेढे द्यायला गेला.

मी पेढा खाल्ला. ज्या मोठेपणाशी बरोबरी करायला मी मेमो पदरात पाडून घेतला, तो मोठेपणा त्याच्या गावीही नव्हता. तो पोळं काढत होता, बस. लोक ‘परबलाच पाठवा’ का म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. जिन्याखाली त्याला पोळं सोडून काही सुचत नव्हतं, आणि मला पोळं सोडून बाकी सगळं सुचत होतं.